वसु, अक्काला सांग

अक्काने डब्यातून तांदूळ काढले, चिमूटभर कुंकू टाकून तळहातावर चोळले आणि मूठ मिटून ती झोपाळ्यावर येऊन बसली.

"हं, वाच," ती म्हणाली.

वसुमतीच्या मांडीवर पुण्याहून परत आलेले कागद होते. ती कागदांकडे न बघता अक्काच्या मुठीकडे बघत राहिली.

"अक्का, ही कहाणी नव्हे."

"मग काय आहे?"

"आपलंच आहे. घरातलं. मीच लिहिलंय."

"मराठी आहे की नाही?"

"मराठीच."

"मग हातात तांदूळ नकोत? रिकाम्या हातानं ऐकायला हा काय रेडिओ आहे?"

आता हिला काय सांगावं! आणि तिचं तरी काय चुकलं? तंजावरच्या त्या वीधीतली, म्हणजे गल्लीतली, सगळी मराठी घरं दिवसभर मराठी बोलत, मराठीत भांडत, मराठीत रडत. पण कागद समोर आला की अक्षरं तमिळ, नाहीतर इंग्रजी. सुनेला माहेरी पाठवलेली खुशालीसुद्धा मराठी बोलीची नि तमिळ अक्षरांची. देवनागरी वाचता येणारी वसुमती तेवढी एकटी, आणि तीही हिंदीच्या कृपेने. मुलींच्या शाळेत ती हिंदी शिकवत असे. त्यामुळे श्रावणातल्या शुक्रवारी आजूबाजूच्या बायका ओल्या केसांनी येऊन बसत, मुठीत अक्षता धरत, आणि वसुमती पिवळ्या पडलेल्या पोथीतून कहाणी वाचून दाखवी. कहाणी संपली की अक्षता देवीवर टाकायच्या, मग उठायचं. कालच शुक्रवार होऊन गेला होता. या घरात मराठी कागद मोठ्याने वाचला जातो तो असा. दुसरा प्रकार अक्काने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"बरं, धर तांदूळ," वसुमती म्हणाली. "पण मध्ये बोललीस तरी चालेल. किंबहुना बोलच. तुला पुसायलाच आले आहे."

"कहाणीत मध्ये बोलत नाहीत."

"यात बोलायचं."

"सरी," अक्का म्हणाली. तमिळमधला हा होकार तिच्या तोंडी मराठीइतकाच मुरला होता.

दुपार कलली होती. चौकातल्या उघड्या आभाळातून ऊन आत उतरून खांबाच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं. कालव्यांना पाणी आलं की गावाला एक ओलसर वास येतो, तसा तो आला होता. पलीकडच्या घरात कुणी मुलगी वीणेवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती आणि दर वेळी त्याच जागी अडखळत होती. ते ऐकता ऐकता डोळ्यांवर झापड यावी अशी वेळ. वसुमतीला मात्र झोप नव्हती. पुण्याच्या मासिकाला उत्तर धाडायचं होतं, आणि ते उत्तर अक्काच्या हातात होतं.

झालं होतं असं. नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांवर वसुमतीने लिहिलेला एक लेख त्या मासिकाने चैत्रात छापला. संपादकांना तिची मराठी भलतीच आवडली. अशी भाषा आमच्याकडे पणज्यांबरोबर गेली, आणखी लिहा, असं त्यांनी कळवलं. तिने आणखी लिहिलं. वडिलांवर, म्हणजे आप्पांवर लिहिलं आणि थोरल्या बहिणीवर, या अक्कावर लिहिलं. संपादकांना तेही आवडलं, पण या वेळी त्यांनी एक प्रश्न घातला. यावर 'आठवण' असं छापू की 'कथा'? आठवण असेल तर जे हयात आहेत त्यांची हरकत नाही असं कळवा, आणि सगळं घडलेलंच आहे ना, तेही कळवा. शेवट फार जुळून आल्यासारखा वाटतो. आणि कथा असेल तर नेहमीची ओळ खाली टाकतो.

फार जुळून आल्यासारखा! माणूस हुशार होता. ते वाक्य वाचल्यापासून वसुमतीने तो शेवट पुन्हा पुन्हा काढून वाचला होता.

तिने चष्मा नाकावर सारखा केला आणि वाचायला लागली.

"'आमच्या घरात माणसं तीन आणि बोलणारी मी एकटी.'"

"खोटं," अक्का म्हणाली.

"पहिल्याच ओळीला?"

"आणि तो पोपट? तो बोलत नव्हता?"

"तो तमिळ बोलायचा, अक्का."

"बोलायचा की नाही?"

"बरं बाई, बोलायचा. घालते पोपट."

अक्काने पायाने झोपाळ्याला हलका रेटा दिला. कड्या करकरल्या. वसुमती पुढे वाचू लागली. कुंभकोणमहून एका सकाळी बैलगाडी आली आणि अक्का ट्रंक घेऊन उतरली, तिथून आठवण सुरू होत होती. वसुमती तेव्हा पावाडै, म्हणजे घोळदार परकर, नेसून अंगणात खेळणारी पोर. तिला दोनच गोष्टी दिसल्या होत्या. एक म्हणजे अक्काच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना बांधलेली लुगड्याची चिंधी. आणि दुसरी, आप्पांचा चेहरा. आप्पा बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, शेजाऱ्यांबरोबर बसले होते. त्यांनी बोटांकडे पाहिलं की नाही, देव जाणे. त्यांनी ट्रंक पाहिली. चार लोकांदेखत ते म्हणाले, ही सासरी परत जाईपर्यंत माझ्या तोंडून हिला शब्द नाही.

अक्का परत गेली नाही. आप्पांनी शब्द मोडला नाही.

"'तेव्हापासून,'" वसुमतीने वाचलं, "'आमच्या घरात एकच वाक्य दिवसभर फिरू लागलं. वसु, अक्काला सांग. आणि तिकडून, वसु, आप्पांना सांग. दोघं एकाच खोलीत असत. दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येई. तरी मी सांगेपर्यंत कुणी हलत नसे. मधल्या खांबाशी माझी जागा होती. आप्पा म्हणत, वसु, अक्काला सांग, रसमात मीठ जास्त झालंय. मी वळून म्हणे, अक्का, रसम छान झालंय, मीठ जरा कमी घाल, बरं का.'"

अक्का हसायला लागली. तिचे खांदे हलले, तसे अक्षतांतले दोनचार दाणे खाली पडले. तिची मूठ कधीच पुरती मिटत नसे. ती दोन बोटं तेव्हापासून तशीच ताठ राहिली होती.

"'बरं का' तू लावायचीस," ती म्हणाली. "आप्पांच्या तोंडी 'बरं का' जन्मात नव्हतं."

"तुला ठाऊक होतं?"

"अगं, मी तिथंच उभी असायची की! कान काय कुंभकोणमला ठेवून आले होते?"

इतकी सोपी गोष्ट, आणि एवढ्या वर्षांत वसुमतीच्या डोक्यात आली नव्हती. आपण निरोप गोड करून देतो, दोन्हीकडचं कडू मधल्यामध्ये गिळतो, असं तिला लहानपणी वाटे. त्याचा अभिमानही वाटे. आता लक्षात आलं की मूळचं कडू दोघांनीही रोज ऐकलं होतं, आणि वर तिचं गोडही ऐकलं होतं.

"मग तू कधी बोलली का नाहीस?"

"कसाला बोलू? चांगलं लावत होतीस." अक्काने पुन्हा झोपाळा रेटला. "आणि आप्पांनी तरी कधी टोकलं तुला? 'मी असं म्हटलं नव्हतं' असं एकदा तरी म्हणाले?"

वसुमतीने आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. रागीट माणूस, शब्दाला शब्द लागला तर कचेरीत कारकुनाला उभा फाडायचा; पण आपल्याच देखत आपलं बोलणं पोर बदलून सांगते, ते ऐकून घ्यायचा आणि पानाकडे बघत जेवायचा.

"वाच पुढं," अक्का म्हणाली. "बरं लिहिलंयस."

पुढे वाचणं वसुमतीला जड जात होतं. पानं उलटत गेली. आप्पांचं आजारपण आलं. मग तो पौषातला दिवस आला; वसुमती आत्याबरोबर तिरुवैयारूला गेली होती, कावेरीकाठी गाणं ऐकायला. नदीवरचं धुकं, वाळूत बसलेली माणसं, पाण्यावरून येणारे सूर, हे सगळं तिने जीव लावून लिहिलं होतं आणि अक्कानेही डोळे मिटून ऐकलं. संध्याकाळी परत येऊन पाहते तो आप्पा गेले होते. पण कागदावर त्याच्या आधी, त्या दुपारचा, एक परिच्छेद होता. तो वाचताना तिचा आवाज आपोआप खाली गेला.

"'दुपारी आप्पांनी डोळे उघडले. दाराशी अक्का उभी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. चंद्रा, ते म्हणाले. चंद्रा, पाणी दे.'"

झोपाळा थांबला.

पलीकडची वीणाही नेमकी त्याच वेळी गप्प झाली. अक्काच्या ताठ बोटांमधून दाणे एकामागून एक खाली पडत होते आणि ती ते सावरत नव्हती.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

"तू तिरुवैयारूला होतीस."

"हो."

"मग?"

"पदरचं घातलं, अक्का." वसुमतीला रडू आवरेना. "मला सोसवेना. ते गेले, आणि तुझ्याशी एक अक्षर न बोलता गेले, असं कसं लिहू? हात पुढं जाईना माझा. मग म्हटलं, एवढी वर्षं लावत आले, आणखी एकदा लावू."

अक्काने पदराने कपाळ पुसलं. मग तिने विचारलं, "आणि पुण्याचे लोक काय म्हणतात?"

वसुमतीने सगळं सांगितलं. घडलेलंच असेल तर वर आठवण असं छापतील. नाहीतर कथा.

"कथा छापली तर काय होतं?"

"काही नाही. खाली एक ओळ येते. यातली माणसं आणि प्रसंग काल्पनिक आहेत, कुणाशी साम्य दिसलं तर तो योगायोग समजावा."

"काल्पनिक म्हणजे?"

"म्हणजे... खरी नव्हेत. मनातनं काढलेली."

"मी मनातली?"

"छापण्यापुरतं, अक्का. रीत आहे तशी. म्हणजे कुणाला दुखावायला नको."

"आप्पांनी दुसरं काय केलं?" अक्का म्हणाली. ती हसत होती, पण तिच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "मी वाढत होते, धूत होते, दुखलं-खुपलं बघत होते, आणि चार लोकांत मी नव्हतेच. कोणी आलं की म्हणायचे, घरात मी नि माझी वसु. आता पुण्यालाही छापून येणार, अशी कुणी नाही म्हणून."

ही ओळ वसुमतीने मासिकांत कितीदा वाचली होती, आणि तिच्यात कुणाचा जीव अडकू शकतो असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"नको," अक्का म्हणाली. "ते नको. एकदा तरी कुणाच्या कागदावर येऊ दे, ही होती म्हणून. सासरी मोडलेल्या बोटांचंही राहू दे. ट्रंकेचंही राहू दे. लोकांनी वाचलं तर वाचू देत, मला कसली लाज! पण मी खरी आहे म्हणून छाप."

"मग हे चंद्राचं काढावं लागेल."

"काढ."

"मग शेवटी काही उरत नाही, अक्का. मी सकाळी गेले, संध्याकाळी आले, आप्पा गेले. मधली दुपार रिकामीच."

अक्का उठली. वसुमतीला वाटलं, चिडून आत चालली. पण ती समोर येऊन उभी राहिली. तिने वसुमतीचा डावा हात ओढून घेतला, तळवा उलटा केला आणि आपल्या मुठीत उरलेले तांदूळ त्यात ओतले.

"आता तू धर. मी सांगते."

वसुमतीने मूठ मिटली. दाणे घामाने ओलसर आणि ऊन लागत होते. त्या दुपारचं तिने अक्काला कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर 'काहीच नाही' असं उत्तर येईल, याची तिला आयुष्यभर भीती होती.

अक्का पुन्हा झोपाळ्यावर बसली. ती वसुमतीकडे बघत नव्हती, मधल्या खांबाकडे बघत होती. ऊन त्या खांबावर हातभर वर चढलं होतं.

"तुम्ही गेलात," ती म्हणाली. "घरात मी नि आप्पा. सांगायला कुणी नाही. आता काय करायचं? मी आपली दाराआड बसले, वाती वळत. पुष्कळ वेळ गेला. मग आतून आवाज आला. 'वसु, अक्काला सांग, पाणी हवं.'"

"मी कुठं होते?"

"ऐक की! मलाही वाटलं, भ्रम झाला. जाऊन बघते तर डोळे स्वच्छ. माझ्याकडे बघत नव्हते. तू उभी राहायचीस ना, त्या खांबाकडे बघत होते. मी पाणी ठेवलं. मीही खांबालाच म्हटलं, 'वसु, आप्पांना सांग, पाणी ऊन आहे, हळू प्या म्हणावं.'"

वसुमतीनेही वळून खांबाकडे पाहिलं.

"प्याले. मग म्हणाले, 'वसु, अक्काला सांग, बस म्हणावं.' मी बसले. मग काय, बोलत राहिलो. संध्याकाळपर्यंत. कधी बोललो नव्हतो इतकं बोललो."

"काय बोललात?"

"अवघं. आईचं बोललो. ती गेली तेव्हाच्या पुराचं बोललो. परसातल्या आंब्याला कीड लागली होती, त्याचं. तुझंही बोललो, तुलाच सांगून. 'वसु, अक्काला सांग, वसुला शाळेतून काढू नको म्हणावं, तिचं लग्न झालं नाही तरी चालेल.'" अक्काला हसू आलं. "मी म्हटलं, 'वसु, आप्पांना सांग, वसु आगाऊ आहे, ती शिकेलच.' खांब बिचारा ऐकत होता."

वसुमतीही हसली, आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. ती दिवसभर तिकडे नदीकाठी वाळूत बसली होती, शेवटच्या वेळी आपण घरात नव्हतो म्हणून जन्मभर हळहळली होती. आणि इथे दुपारभर तिच्या नावाने हाका चालल्या होत्या.

"आणि सांगू?" अक्का म्हणाली. "आप्पा म्हणाले, 'वसु, अक्काला सांग, रसम चांगलं करते ती.' नि थांबून म्हणाले, 'बरं का.'"

"आप्पा म्हणाले?"

"त्यांच्याच तोंडानं. तू नव्हतीस ना लावायला, म्हणून त्यांनी लावलं."

पलीकडची वीणा पुन्हा सुरू झाली होती. खांबावरचं ऊन आता पिवळं पडत होतं, आणि त्या उजेडात चौकातली धूळ हळूहळू वर तरंगत होती. त्या खांबाशी पावाडै नेसलेली एक पोर उभी आहे, असं वसुमतीला वाटलं, आणि वाटलं ते तिला मुळीच खोटं वाटलं नाही.

"आणखी एक म्हणाले," अक्काचा आवाज बदलला. "शेवटी. 'वसु, अक्काला पूस. परत जा, परत जा म्हणून मी धरून बसलो, ते माझं चुकलं का?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी खांबाकडे बघितलं. इतका वेळ तू होतीस तिथं. तेव्हा मात्र नव्हतीस. मी 'दूध उतू जातंय' म्हणाले आणि आत पळाले. दूध कुठलं! चूलही केव्हाच विझली होती. आत भिंतीला टेकून उभी राहिले. मन घट्ट करून बाहेर आले तर आप्पा झोपले होते. मला वाटलं, झोपले आहेत, उठले की सांगू." तिने खांबावरची नजर काढली. "मग तुम्ही आलात. तूच गेलीस ना त्यांना उठवायला, नदीवरचा बत्तासा द्यायला."

वसुमती उठून तिच्याजवळ झोपाळ्यावर बसली. तिने अक्काची ती दोन ताठ बोटं आपल्या उजव्या हातात धरली.

"अक्का," ती म्हणाली, "हे लिहू? मी लिहिलं त्याहून हे शंभर पटींनी..."

"नको."

"पण हे खरं आहे!"

"म्हणूनच नको. हे तुझ्या पदरचं नव्हे, माझ्या पदरचं आहे. तू तुझं लिही. तू होतीस कुठं त्या दुपारी?"

"तिरुवैयारूला."

"मग तेवढंच लिही की."

वसुमतीने कागद मांडीवर घेतले. डाव्या मुठीत तांदूळ होते, ते तिने सोडले नाहीत. कागद कोपराने दाबून धरला आणि चंद्राचा तो परिच्छेद आडवी रेघ मारून काढून टाकला. जीव तुटला तिचा. साऱ्या लेखात तिला तोच सगळ्यांत आवडला होता. त्याच्या जागी तिने एक ओळ लिहिली आणि ती वाचून दाखवली.

"'त्या दुपारी मी घरात नव्हते.'"

अक्का डोळे मिचकावून म्हणाली, "आता अवघ्यात एवढंच खोटं राहिलं."

"काढू?"

"राहू दे. पुण्याला कुठं कळतंय!"

मग वसुमतीने पहिलं पान वर घेतलं आणि नावाच्या वर स्वच्छ अक्षरांत 'आठवण' असं लिहिलं. अक्काने वाकून त्या अक्षरांकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने शाई वाळेपर्यंत पाहिलं.

"यात मी आहे म्हणून लिहिलंय ना?"

"आहेस म्हणूनच लिहिलंय."

"सरी. कॉफी टाकते."

अक्का आत गेली. भांड्यांचे आवाज आले, चुलीचा धूर आला. चौकातलं ऊन गेलं होतं आणि घरात तो मधला, ना धड दिवस ना धड रात्र, असा उजेड पसरला होता. वसुमती कागद आवरत होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"वसु!"

"काय गं?"

"आप्पांना सांग."

वसुमतीचे हात जागच्या जागी थांबले. समोरच्या भिंतीवर आप्पांची तसबीर होती. पागोटं, काळा कोट, ओठ घट्ट मिटलेले. ती उठली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिचे पाय जाऊन त्या खांबाशीच थांबले. तिने पाठ खांबाला टेकवली.

"काय सांगू?"

आत भांडं खाली ठेवलं गेलं. मग अक्काचा आवाज आला, शांत आणि स्पष्ट.

"चुकलं म्हणावं."

वसुमतीने वाट पाहिली. पुढे आणखी काही येईल असं तिला वाटलं. आलं नाही. तसबिरीतले आप्पा तिच्याकडे बघत होते, जेवताना पानावरून नजर न उचलता ऐकायचे तसे नव्हे, सरळ बघत होते. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. 'पण तिच्या मनात आता काही नाही हं आप्पा, बरं का.' लहानपणापासून जीभ त्याच वळणाची. आणि या एका निरोपाला ते लावावं असं तिला जितकं वाटलं, तितकं कधीच वाटलं नव्हतं. कोण अडवणार होतं?

तिने ओठ मिटले आणि मग बोलली.

"आप्पा, अक्का सांगते, चुकलं."

स्वयंपाकघरातून कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतल्याचा आवाज आला, पुन्हा आला.

"मागं काही लावलंस?" अक्काने आतून विचारलं.

"नाही."

"खरं?"

"खरं, अक्का."

"मग टाक आता अक्षता," अक्का म्हणाली. "झालं."